पांढऱ्या पट्ट्याच्या वरचे पाणी

एका राज्यात, जिथे ढग उतरून अंगणात बसत आणि डोंगरांची नावे घरातल्या वडीलधाऱ्यांसारखी आदराने घेतली जात, तिथे मल्हण नावाचा पाणाड्या राहत होता. पाणाड्या म्हणजे जमिनीखालचे पाणी शोधणारा. उंबराची बेचकी हातात धरून तो चालू लागला की जिथे पाणी असे तिथे बेचकी आपोआप खाली वाके. कोणतेही पाणी जिभेवर ठेवले की ते कोणत्या खडकातून आले, हे तो सांगे. ही विद्या त्याला कुणी शिकवली नव्हती. कुणाच्या गळ्यात गाणे असते, तशी ती त्याच्या अंगात होती.

त्या राज्यावर पाच वर्षांचा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, गुरांची हाडे वर आली. राजा अभयधवल याने मल्हणाला बोलावले आणि म्हटले, "मल्हणा, माझ्या लोकांना पाणी दाखव."

मल्हण धूमकूट नावाचा थोरला डोंगर चढून गेला. डोंगराच्या कुशीत त्याला एक मोठा खळगा सापडला. त्याच्या तोंडाशी दगडी बांध घातला, तर येणाऱ्या पावसाचे सारे पाणी तिथे साठले असते. पण त्या जागी बेचकी वाकली नाही, थरथरली. म्हणून मल्हण शेजारच्या गुहेत शिरला आणि डोंगराच्या यक्षापुढे उभा राहिला.

यक्ष गुहेत आडवा पडला होता. त्याचे अर्धे अंग माणसाचे होते आणि अर्धे खडकाचे. खडकाचे अंग कुठे संपते आणि डोंगर कुठे सुरू होतो, ते दिसत नव्हते.

"बांध घाल," यक्ष म्हणाला. "पण खळग्याच्या भिंतीत पांढऱ्या दगडाचा एक पट्टा आहे. पाणी त्याच्या खाली ठेव. तेवढे वजन मी सोसेन. त्याच्या वर गेलेले पाणी माझ्या जुन्या दुखण्यापर्यंत पोचेल."

"शब्द देतो," मल्हण म्हणाला.

बांध झाला, पाऊस आला, तलाव भरला. कालव्यांतून पाणी नगरात उतरले. राजाने मल्हणाला चांदीचे कडे घातले, 'जलभूषण' ही पदवी आणि तिचा शेला दिला आणि दरबारात उजव्या हाताला बसवले. मल्हणाला ते फार आवडले. त्यात पाप नव्हते. जन्मभर उन्हात हिंडलेल्या माणसाला सावलीतली गादी गोड लागली, एवढेच.

तिसऱ्या वर्षी राजाने तलावाचा उत्सव मांडला. शेजारचा राजा पाहुणा म्हणून आला होता. बांधावर गालिचे अंथरले होते. पाणी पांढऱ्या पट्ट्याच्या हातभर खाली होते. राजा अभयधवल पाहुण्याला तलाव दाखवत होता, तो मध्येच वळला आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मल्हणा, बांध दोन पुरुष उंच केला, तर पूर्वेच्या खोऱ्यालाही पाणी पोचेल. होईल ना?"

सगळे चेहरे मल्हणाकडे वळले. पाहुणा राजा कौतुकाने हसला. 'नाही' हा शब्द मल्हणाच्या जिभेवर आला होता. तो बाहेर पडता, तर राजाचा चेहरा उतरला असता, पाहुण्याने भुवया उंचावल्या असत्या, आणि जलभूषणाला दोन पुरुष पाणी वाढवता येत नाही, असे लोक म्हणाले असते.

"होईल, महाराज," मल्हण म्हणाला.

बांध वाढला. त्या पावसाळ्यात मल्हण एकदाच तलावावर गेला. त्याच्या डोळ्यांदेखत पांढरा पट्टा पाण्याखाली गेला. एवढ्या थोर डोंगराला दोन पुरुष पाण्याचे काय, असे त्याने स्वतःला सांगितले, आणि पुन्हा तिकडे फिरकला नाही.

तलाव भरून चाळीस दिवस झाले, आणि पहिला धक्का बसला. जमिनीखालून दगडांनी भरलेली गाडी खडखडत गेल्यासारखा आवाज झाला, मांडणीवरची भांडी किणकिणली, आणि सारे शांत झाले. लोक हसले. तासाने दुसरा बसला, संध्याकाळच्या आत आणखी पाच. मग रोज दहा, रोज वीस. एकही धक्का मोठा नव्हता. एखादा मोठा हादरा येऊन संपता, तर लोक रडून मोकळे झाले असते. हे मात्र सरतच नव्हते. भिंतींचे लिंपण गळून पडे. झऱ्यांना गढूळ पाणी येई. दुभत्या गाई पान्हा चोरू लागल्या. पाटावर बसलेली माणसे घास हातात धरून थांबत, आणि पुढचा धक्का येऊन गेला की मगच तो तोंडात घालत.

भ्यालेल्या माणसांना कारण हवे असते, आणि ते जवळचे व दुबळे असेल तर बरे वाटते.

धूमकूटच्या उतारावर गोंदाई नावाची म्हातारी एकटी राहत होती. ती दगडांशी बोले. दगडही तिला उत्तर देत, पण सावकाश. एका प्रश्नाला कधी महिना लागे. धक्के सुरू झाल्यापासून ती दिवसभर जमिनीला कान लावून पडून असे. लोकांनी ते पाहिले. "हीच डोंगराला उठवते आहे," कुणीतरी म्हणाले, आणि दुपारपर्यंत ते सगळ्यांचेच म्हणणे झाले. त्यांनी तिची झोपडी मोडली, छपराची लाकडे दरीत फेकली आणि तिला दरबारात ओढत आणले.

राजा अन्यायी नव्हता. त्याने मल्हणाला विचारले, "तुला माती आणि दगड कळतात. एक म्हातारी हे करू शकेल का?"

मल्हण म्हणाला, "महाराज, मला पाण्यातले कळते. मंत्रातले मला काय कळणार?"

तेवढे पुरे झाले. गोंदाईला दगडी कोंडवाड्यात नेऊ लागले. मल्हणाच्या गादीपाशी ती थांबली. तिच्या कपाळाला माती लागली होती.

"मल्हणा," ती म्हणाली, "दगड म्हणतात, आम्हांला ओल लागली. कुठली रे ही ओल?"

मल्हणाने खांद्यावरचा शेला नीट केला आणि दुसरीकडे पाहिले.

त्या राज्याचा एक जुना कायदा होता. तीन साक्षी झाल्याशिवाय कुणाला कड्यावरून लोटायचे नाही: एक उडणाऱ्याची, एक सरपटणाऱ्याची आणि एक न हलणाऱ्याची. राजाने भर दरबारात विचारले, "या साक्षी आणायला कोण जाईल?" मग स्वतःच उत्तर दिले, "मल्हणा, तू जा. तुझ्याइतका विश्वासाचा माणूस माझ्याजवळ नाही. पावसाळ्याच्या आत परत ये."

मल्हणाने मान लववली. राजाला ती नम्रता वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो निघाला. वाटेत त्याने पुन्हा पुन्हा एकच विचार केला. आपल्याला तिसरे नाव शोधायचे आहे. म्हातारीचे नको, आणि आपलेही नको. एवढ्या मोठ्या जगात दोष घ्यायला कुणीतरी तिसरा असेलच.

उडणाऱ्यांत सगळ्यांत जुनी होती ती धनेशाची मादी. धनेश जातीचे पाखरू शंभर वर्षे जगले की माणसासारखे बोलू लागते, आणि ही तर दीडशे वर्षांची होती. त्यांची रीत अशी, की मादी झाडाच्या ढोलीत बसते, दार मातीने लिंपून घेते, फक्त चोच बाहेर काढण्यापुरती फट ठेवते, आणि पिल्ले मोठी होईपर्यंत नर तिला बाहेरून भरवतो. मल्हण त्या झाडावर चढला आणि फटीपाशी तोंड नेऊन म्हणाला, "पक्षिणी, डोंगर कशाने हलतो? साक्ष दे."

"आधी खायला दे," आतून आवाज आला. "माझा धनी सहा दिवस आला नाही. कड्याचा दगड सुटून त्याच्यावर पडला, असे कावळे सांगतात. पिल्ले दोन आहेत. नऊ दिवसांनी ती उडतील. तोवर भरव, मग विचार."

मल्हणाने नऊ दिवस भरवले. उंबर, वडाची फळे, पिंपरणीची फळे ओच्यात भरून तो दिवसातून तीनदा त्या उंच झाडावर चढे. त्याचे गुडघे सोलवटले. धक्का आला की तो खोडाला मिठी मारून डोळे मिटे, आणि आत पिल्ले चिरकत. तिसऱ्या दिवशी त्याला झाडाखाली धनेशाचे एक लांब काळेपांढरे पीस दिसले. ते त्याने पालापाचोळ्याखाली सरकवले. वरून ते मादीला दिसणे शक्य नव्हते. तरी त्याने सरकवले.

नवव्या दिवशी मादी बोलली. "माझ्या फटीतून दोनच गोष्टी दिसतात, तलाव आणि म्हातारीची झोपडी. म्हातारी जमिनीला कान लावते, हात लावत नाही. पण तलावाचे पाणी चढले की काही दिवसांनी धक्के वाढतात, आणि कालव्याने पाणी उतरले की काही दिवसांनी कमी होतात. मी आत बसल्यापासून हे तीनदा पाहिले. ही माझी साक्ष." मग ती जरा थांबून म्हणाली, "पाणाड्या, बांध कुणी वाढवला?"

"राजाने," मल्हण म्हणाला.

त्याच क्षणी जमीन हादरली. पण त्या दिवसांत ती वीस वेळा हादरत होती, त्यात संकेत शोधण्यासारखे काही नव्हते. मल्हण खाली उतरला. 'राजाने' हा शब्द खोटा नव्हता, असे तो चालताना मनाशी म्हणत होता. आणि हे इतक्यांदा का म्हणावे लागते, तेही त्याला कळत होते.

सरपटणाऱ्यांत जुना होता तो पूर्वेच्या सुळक्याखालचा नाग. तो एका शापित खजिन्यावर वेटोळे घालून बसला होता. पुष्कळ लोक म्हणत, की तोच कूस बदलतो आणि डोंगर हलतो. मल्हणाची सारी आशा त्याच्यावर होती. तो दोर सोडून भुयारात उतरला.

नाग एका डोळ्याने आंधळा होता. "साक्षीला आलास," तो म्हणाला. "आधी त्या कुंडातले पाणी तांब्याच्या वाटीत काठोकाठ भरून मला पाज. थेंब सांडला तर पुन्हा भर."

पहिल्यांदा धक्का आला आणि वाटी निम्मी सांडली. दुसऱ्यांदा नागाच्या तोंडापाशी आल्यावर धक्का आला. तिसऱ्या वेळी मल्हण वाट पाहत राहिला. एक धक्का गेला, त्याच्यामागोमाग दुसरा गेला, आणि मग मध्ये जी उसंत मिळाली तेवढ्यात तो चालत गेला. नाग पाणी प्यायला.

"आता बघ," नाग म्हणाला. "माझ्या पाठीवर हात फिरव."

पाठीवर शेवाळ होते, आणि शेवाळावर बोटभर उंचीचे नेचे उगवले होते.

"हजार वर्षांत मी हललो नाही. हे शेवाळसुद्धा माझ्याइतके जुने नाही, गेल्या वर्षाचे आहे. त्याआधी हे भुयार कोरडे होते. त्या भेगेतले पाणी चाखून बघ. तुला कळेल म्हणतात."

भेगेतून थेंब थेंब पाणी गळत होते. मल्हणाने बोट लावून ते जिभेवर ठेवले. तलावाच्या काठच्या जांभळीच्या पानांचा तुरटपणा त्यात होता, आणि बांधाच्या चुन्याची चव होती. एवढ्या लांबवर, एवढ्या खोल. मल्हण तिथेच खाली बसला.

"ही माझी साक्ष," नाग म्हणाला. "आणि आता, जो इथे येतो त्याला एक वस्तू दाखवावी लागते, तो माझा शाप आहे." त्याने वेटोळे सैल केले. सोन्यामोत्यांच्या राशीत सुपारीएवढा एक काळा मणी होता. "हा मुठीत धरून जे बोलशील ते सगळे जग खरे मानील. मात्र एकदा याच्या बळावर खोटे बोललास, तर पुढे जन्मभर तुझे खरे बोलणे कुणालाही खरे वाटणार नाही. म्हण, की नागाने कूस बदलली. म्हातारी सुटेल. तुझी गादी राहील. इथे खात्री करायला कोण येतो?"

मल्हणाने पुष्कळ वेळ मण्याकडे पाहिले. मग तो उचलला, शेल्याच्या टोकात बांधला आणि दोर धरून वर चढला. भुयाराबाहेर स्वच्छ ऊन होते, आणि त्या उन्हात आपण उघडे आहोत असे मल्हणाला वाटले.

न हलणारा म्हणजे यक्ष. त्या गुहेत जायला मल्हणाने चार दिवस लावले. वाट अर्ध्या दिवसाची होती.

आत सगळीकडे पाणी ठिबकत होते. यक्षाच्या खांद्याचा खडक ओला होऊन काळा पडला होता. मल्हण पायांकडे बघत उभा राहिला.

"ये," यक्ष म्हणाला. "साक्ष हवी आहे. माझे काम एकच. काय झाले ते तू सांग."

"राजाने बांध वाढवला," मल्हण म्हणाला.

"काय झाले ते सांग."

"आम्ही बांध वाढवला."

"काय झाले ते सांग."

मग मल्हण इतक्या हळू म्हणाला, की गुहेत प्रतिध्वनीही उठला नाही. "मला ठाऊक होते. चारचौघांत 'नाही' म्हणवले नाही. आणि म्हातारीला नेले तेव्हाही मी गप्प बसलो."

"माझ्याजवळ सांगणे सोपे आहे," यक्ष म्हणाला. "मला ते आधीच माहीत होते."

मग त्याने साक्ष दिली. "माझ्या आत एक जुनी भेग आहे. तिच्या दोन बाजूंना दोन मोठे खडक एकमेकांना रेटून उभे आहेत. कोरड्या अंगांनी, एकमेकांत रुतून, ते युगानुयुगे थांबले आहेत. तुमच्या पाण्याचे वजन वरून पडले. मग पाणी झिरपत झिरपत त्या भेगेत गेले, आणि आतून फुगून त्यांना एकमेकांपासून सोडवू लागले. आता ते तसूतसूने सरकतात. एकेक सरकणे म्हणजे तुमचा एकेक धक्का."

"तुम्ही रागावला आहात. मी काय अर्पण करू?"

"मी रागावलो नाही. राग असता तर नैवेद्याने गेला असता. ही शिक्षा नाही, मल्हणा. हे वजन आहे आणि ओल आहे. तलाव आणखी एक पावसाळा काठोकाठ भरला, तर तो सगळा खडक एकदम सुटेल. त्याच्याखाली तुमचे नगर आहे."

मल्हण परत निघाला तेव्हा पश्चिमेला वळवाचे ढग दिसू लागले होते.

दरबार सकाळी भरला. गोंदाईला आणून उभे केले. दोन महिन्यांत ती वाळून काटकी झाली होती. सभेत पूर्वेच्या खोऱ्यातले शेतकरीही होते. त्यांची नवी शेते यंदा पहिल्यांदा हिरवी झाली होती.

"मल्हणा, साक्षी झाल्या?" राजाने विचारले.

"झाल्या, महाराज."

त्याच्या मुठीत मणी होता. तो आता कोमट झाला होता, एखाद्या जिवंत वस्तूसारखा. तीनच शब्द बोलायचे होते: नागाने कूस बदलली. म्हातारी सुटली असती, आणि तिचे तर भलेच झाले असते. त्याने सभेकडे पाहिले. सगळे त्याच्याकडे त्याच जुन्या कौतुकाने बघत होते. मागच्या रांगेत एक बाई मांडीवरच्या मुलाला बोटाने त्याला दाखवत होती. तो पाहा, ज्याने आपल्याला पाणी दिले.

मल्हणाने मूठ उघडली आणि मणी फरशीवर ठेवला.

"हा खोटे खरे करणारा मणी आहे," तो म्हणाला. "मी तो त्यासाठीच आणला होता. आता त्याच्याशिवाय बोलतो."

आणि त्याने सांगितले. तिन्ही साक्षी, यक्षाला दिलेला शब्द, पांढरा पट्टा, उत्सवाच्या दिवशीचा तो होकार, आणि गोंदाईला नेताना नीट केलेला शेला, काही गाळले नाही. तो बोलत असताना फरशीवरच्या मण्याला बारीक तडे गेले आणि त्याचे मीठ झाले.

पण मण्याशिवाय बोललेले लोकांना पटले नाही. "म्हातारीने याला भुलवले!" असा गलका उठला. खोऱ्यातला एक शेतकरी पुढे येऊन ओरडला, "आमच्या तोंडचे पाणी पळवायला निघाला! डोंगरात कुठे पाणी शिरते? डोंगर काय मडके आहे?"

"महिनाभर बांधाची दारे उघडा," मल्हण म्हणाला. "पांढरा पट्टा वर येऊ द्या. तोवर मला कोंडवाड्यात ठेवा आणि गोंदाईंना सोडा. धक्के कमी झाले नाहीत तर कड्यावरून मला लोटा."

सगळे राजाकडे बघू लागले. राजा अभयधवल सिंहासनावरून उठला. त्याचा चेहरा उतरला होता. ज्या चेहऱ्याला मल्हण त्या दिवशी भ्याला होता, तोच हा.

"त्या दिवशी मी तुला विचारले नव्हते," राजा म्हणाला. "पाहुण्यासमोर मी फक्त 'हो' ऐकायला थांबलो होतो. यात माझाही वाटा आहे, आणि तो मी सर्वांसमोर घेतो." मग तो सेनापतीला म्हणाला, "दारे उघडा."

दारे उघडली, गोंदाईला सोडले आणि मल्हणाला कोंडवाड्यात नेले. पाणी आठ दिवस गर्जत दरीतून वाहिले. पूर्वेच्या खोऱ्यातली शेते पिवळी पडली. कोंडवाड्याच्या गजांपाशी येऊन लोक मल्हणाला शिव्या देत, कुणी थुंके. धक्के थांबले नाहीत. पहिल्या आठवड्यात उलट वाढले. खडकांत शिरलेली ओल दार उघडताच बाहेर येत नाही, हे मल्हणाला ठाऊक होते. पण ते त्याने कुणाला सांगितले नाही. ते ऐकायला कुणी आलेही नव्हते.

बाराव्या दिवशी दुपारी मोठा धक्का बसला. उभी माणसे पडली, देवळाचा कळस वाकला, आणि बांधाचा वरचा दोन पुरुष भाग, जो नंतर चढवला होता, तेवढाच ढासळून पडला. पण त्याच्यामागे पाणी नव्हते. ते चार दिवसांपूर्वीच त्याच्या खाली गेले होते. कोसळलेले दगड उघड्या पडलेल्या चिखलात रुतून बसले. कुणी मेले नाही. लोक बांधाजवळ जमले, पडलेल्या दगडांकडे आणि खाली आपल्या नगराकडे बघत बराच वेळ उभे राहिले. मग ते गोंदाईच्या उतारावरून घरी न जाता लांबच्या वाटेने गेले.

त्यानंतर धक्के उतरत गेले. रोजचे वीस होते त्यांचे दहा झाले, दहाचे तीन झाले. महिना संपला त्या दिवशी पांढरा पट्टा उन्हात वर आला होता, आणि सबंध दिवसात एकच हादरा बसला, तोही एवढा हलका की फक्त मांजरांना कळला.

त्याच दिवसांत पूर्वेच्या सुळक्याकडून एक म्हातारा चालत नगरात आला. डोक्याला हजार वर्षांपूर्वीचे पागोटे होते आणि एक डोळा आंधळा होता. तो त्या काळच्या एका राजाचा प्रधान होता. मण्याच्या बळावर एकदा खोटे बोलला, मग त्याचे खरेही कुणी मानेना, आणि शेवटी तो नाग होऊन त्याच मण्यावर बसला. कुणी तो मणी घेऊन न वापरता खाली ठेवील, त्या दिवशी सुटायचे, असा त्याचा शाप होता. त्याने एका घरापाशी थांबून ताक मागितले. ते प्यायला, आशीर्वाद दिला आणि पुढे गेला.

राजाने दवंडी पिटवली, की तलाव यापुढे पट्ट्याच्या खालीच राहील. पूर्वेच्या खोऱ्यात त्याने उतारावर लहान लहान तळी खोदवली. मल्हणाला कोंडवाड्यातून सोडले. तो दरबारात गेला, चांदीचे कडे आणि पदवीचा शेला राजापुढे ठेवून म्हणाला, "महाराज, शिक्षा सांगा."

"हे मनात दाबून दोन महिने हिंडलास आणि महिनाभर कोंडवाड्यात बसलास, ती कुठली होती?" राजा म्हणाला. त्याने कडे घेतले, पण वेगळी शिक्षा सांगितली नाही. मल्हणाला ते कोंडवाड्याहून जड गेले.

मग तो उतारावर गेला. गोंदाई एका झाडाखाली राहत होती. जिथे झोपडी होती तिथे चार खड्डे उरले होते. मल्हण तिच्यासमोर उभा राहिला. बोलण्यासाठी त्याने वाटभर शब्द जुळवले होते. ते सगळे सोडून त्याने त्या खड्ड्यांकडे बोट दाखवले.

"तुमची झोपडी बांधायला आलो," तो म्हणाला.

"बांध," गोंदाई म्हणाली. "पण क्षमा कर म्हणू नकोस. त्याचे उत्तर मला ठाऊक नाही. दगडांना विचारले आहे. त्यांना वेळ लागतो."

मल्हणाने दरीत उतरून एकेक लाकूड वर आणले. पंधरा दिवस तो खपला. मेढी रोवल्या, कुडाच्या भिंती लिंपल्या, आढे घातले, छप्पर गवताने शाकारले. या सगळ्या दिवसांत तो तिच्याशी बोलताना तिच्या पायांशी बोले आणि काम करताना मातीशी. खोऱ्यातली माणसे वाटेने जात, थांबत, बघत आणि पुढे जात. एके दिवशी त्यांच्यापैकी एकाने न बोलता गवताचा एक भारा तिथे टाकला.

काम संपले तशी गोंदाई आत जाऊन आली. मल्हण दाराबाहेर खाली मान घालून उभा होता.

"वर बघ," ती म्हणाली.

तो तसाच उभा राहिला.

"अरे, छप्पर सरळ बसले की नाही, ते बघायला तरी मान वर करावी लागेल. माझ्यासाठी नको करूस, छपरासाठी कर."

मल्हणाने मान वर केली. आधी त्याला म्हातारीचा चेहरा दिसला, आणि त्याच्या वर छप्पर. छप्पर एका बाजूला वीतभर कलले होते. त्याने ते उतरवले आणि पुन्हा घालायला घेतले. गोंदाई खालून एकेक पेंढी वर देऊ लागली.